जित्या माणसाचा निरोप

१९९३ साल. माझं वय तेव्हा एकाहत्तर. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही दाराबाहेर बसून. पुढं अक्षरं रात्रशाळेत पुरी केली. तेव्हा शुद्धलेखनात चूक सापडली तर सापडू द्या, मजकुरात सापडायची नाही. वस्तीतली पोरं म्हणतात, आबा, तुम्ही सोमेश्वरनगरकडं गेला होता त्याचं खरं काय झालं ते एकदा सांगा, जो तो निराळंच सांगतोय. म्हणून लिहितो. प्रवास काही काशी-रामेश्वराचा नाही. इंदापूर तालुक्यातून निघायचं आणि बारामती ओलांडून पलीकडं जायचं, अर्ध्या दिवसाची वाट. पण मला ती उरलेल्या आयुष्याला पुरली.

पळसदेव

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. आता राहतो ते वरचं नवं गावठाण. फाल्गुन लागला की पाणी उतरतं, जुन्या देवळाचं शिखर वर येतं आणि लोक होडीत बसून दर्शनाला जातात. आमची वस्ती नदीच्या खालच्या अंगाला होती. ती वर येत नाही.

छप्पन साली धर्म घेतला, तेव्हा त्या वस्तीतल्या लिंबाखाली बसून आम्ही ठराव केला होता. मेलेलं ढोर ओढायचं नाही, आणि सांगावा न्यायचा नाही. ठराव मांडणारा मीच. सांगावा म्हणजे काय हे आताच्या पोरांना ठाऊक नाही. गावात कोणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना कळवायला आमच्यातला माणूस पळायचा. पूर असो की काळोख असो. तिथं अंगणाबाहेर उभं राहून काठी आपटायची. आणि 'मेला' असं तोंडानं म्हणायचं नाही, ते अभद्र. 'लई आजारी हाय, बोलावलंय' एवढंच म्हणायचं. घरातल्यांनी ओळखायचं काय ते आणि हंबरडा फोडायचा. मग लांबून भाकर मिळायची. माझ्या बापाचा जन्म त्यात गेला.

बौद्ध झालात म्हणजे काय झालात, असं गावानं मला पुष्कळदा विचारलं. देव सोडले हे त्यांना दिसत होतं, धरलं काय ते दिसत नव्हतं. आमच्यातल्या पुष्कळांनाही पंचशील म्हणजे विहारात म्हणायचं गाणं वाटतं. मी ते पाळायचं ठरवलं. चहूकडं उजनीचे मासे, आणि मी मिरचीशी भाकर खातो. भिगवणच्या बाजारात म्हैस विकायला नेली, तेव्हा गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच सांगितलं की ही धार काढताना लाथ मारते. म्हैस आणि मी दोघं परत आलो. बायको आठ दिवस बोलली नाही. पण त्या दिवसापासून माझ्या शब्दाला मुलखात भाव आला. कुठं बांधाचं भांडण झालं तर लोक म्हणत, गेनबाला विचारा, तो खोटं बोलायचा नाही. ज्या जातीला चावडीत बसायला जागा नव्हती, त्या जातीच्या माणसाचा शब्द चावडीत चालू लागला. माझा धर्म म्हणाल तर एवढाच. मला तो थोडा वाटत नव्हता.

फाल्गुनातच एका दुपारी मंदा बोलवायला आली. मंदा ही राधाक्का धनगरणीची सून. राधाक्का माझ्याहून चार-दोन वर्षांनी थोरली. ठराव केला त्या साली गावानं आम्हाला रानात काम आणि दुकानात मीठ बंद केलं होतं. तेव्हा हीच बाई माझ्या बायकोला लोकर पिंजायला द्यायची आणि बदल्यात जोंधळे घालायची. त्यापायी तिलाही बोल खावे लागले. ती मेंढरांना शिव्या द्यायची तशाच त्या लोकांनाही द्यायची.

आता ती खाटेवर होती. श्वास घ्यायचा म्हणजे तिला दर वेळी ठरवावं लागत होतं. डॉक्टर हात टेकून गेला होता. लेक मेंढरं घेऊन खाली कोकणाकडं उतरलेला, कुठल्या माळावर असेल कोण जाणे. ग्रामपंचायतीतला फोन दिवाळीपासून बंद.

"गेनबा," ती म्हणाली, "शेवंताला आन."

शेवंता म्हणजे तिची लेक, सोमेश्वरनगरच्या अलीकडं एका वस्तीवर दिलेली.

"भावकीतला गडी धाडा की अक्का," मी म्हणालो. "मी कशाला?"

"भावकी उसात हाय. आनि गेल्या लग्नात मानपानावरनं आमचं शेवंताच्या सासरच्यांशी वाजलंय. भावकीनं सांगितलं तर त्यांना वाटंल काय डाव हाय. तू खोटं बोलत न्हाईस हे समद्यांना ठावं हाय. हाय तसं सांग. म्हनावं, जीव हाय तवर तोंड बघून जा."

मी काठी घेतली, गुडघ्यासाठी. विहाराच्या पायरीवर आमचा कोंडिबा बसला होता. त्याच्या कानावर सगळं आधीच गेलेलं.

"जयभीम आबा. निघाला का सांगावा घिऊन?"

"जयभीम. सांगावा मेल्याचा आसतो. ती जिती हाय."

"काठीबी घेतलीया म्हनून इचारलं. ठराव कुनी केला हुता, मला आपलं आठवंना."

"आठव बसून," मी म्हणालो आणि सडकेला लागलो.

भिगवण, मग बारामती

भिगवणला उतरलो तर बारामतीची गाडी पंक्चर होऊन उभी. कंडक्टर झाडाखाली पेपर वाचत होता. पाणी उतरल्यामुळं काठाच्या चिखलात लांब पायांचे गुलाबी पक्षी हजारांनी उतरले होते, आणि पुण्याची दोन माणसं ते बघायला दुर्बीण घेऊन आली होती. मी तिथला, मला त्यांचं नाव सांगता येईना. त्यांनी दुर्बीण दिली. पक्षी चिखलात मान घालून एकसारखं काही शोधत होते. मी दुर्बीण परत दिली.

खाणावळीत बसलो. सगळीकडं माशाचा रस्सा. मी फडक्यातली भाकर आणि ठेचा काढला, तर शेजारून आवाज आला, "आबा, हितं येऊन ठेचा खानारं मानूस मी पयल्यांदा बघितलं." हमीद. त्याचा बाप आमच्या जुन्या गावात बांगड्या भरायला यायचा. हा आता टेम्पोतनं मासळी नेतो. काम ऐकल्यावर म्हणाला, "बारामतीला सोडतो. तितनं म्होरं आज गाडी न्हाय. सकाळी मला कारखान्याकडं माल टाकायचाच हाय, वस्तीवर न्हेतो."

पुढच्या सीटवर त्याचा तराजू आणि मेव्हणा होता, म्हणून मी मागं बर्फाच्या पेट्यांवर. बर्फ पाझरला, धोतर भिजलं. चाळीस वर्षं मासा तोंडात घातला नाही आणि बारामतीत उतरलो तर लोक नाकाला पदर लावून बाजूला होत होते.

रात्रीपुरता भाच्याकडं उतरलो. सुभाष एस.टी.च्या वर्कशॉपात आहे. घर पक्कं, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, काचेच्या कपाटात बुद्धाची मूर्ती, आणि मूर्तीच्या कपाळाला कुंकू. भाचेसून म्हणाली, "मोकळं कपाळ बरं दिसत नाही ना मामा." शेजारणी संध्याकाळी तिथंच नमस्कार करून जातात. एकीनं पोराच्या दहावीसाठी नारळ बोलला होता.

जेवायच्या आधी मी म्हणालो, वंदना घेऊ. सुभाषनं मेणबत्ती शोधली, टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. शील मी एकट्यानंच म्हटलं. त्याचं तोंड हलत होतं, डोळे टीव्हीवर.

"मामा, एक विचारू का?" जेवताना तो म्हणाला. "तुम्ही हे खरंच सगळं पाळता?"

"म्हनायचं कशाला मग?"

"म्हणायचं आपलं. आपण कोण ते लोकांना कळावं म्हणून. पाळत बसलो तर वर्कशॉपात एक दिवस टिकायचो नाही." तो वाईट नव्हता. मला त्यानं स्वतःचं कोरडं धोतर नेसायला दिलं. पण मला वाटलं, छप्पन सालापासून आपण जे ओझं वाहतोय ते ह्यांनी फळीवर ठेवलंय, आणि वर कुंकू लावलंय. झोप आली नाही.

सोमेश्वरनगरच्या अलीकडं

सकाळी निघालो. ह्या बाजूला कॅनॉलचं पाणी, म्हणून जिकडं बघावं तिकडं ऊस. पाचट जाळल्याचा गोड धूर. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर वाट अडवून चाललेले, आणि सडकेच्या कडेला ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या. कोपीच्या तोंडाशी एक बाई पोराला न्हाऊ घालत होती, ट्रॅक्टरची धूळ येऊन पोर परत मातीचं होत होतं. ती परत तांब्या ओतत होती.

हमीदनं टेम्पो सडकेला लावला. मी वस्तीच्या अंगणाच्या तोंडाशी गेलो. शेवंताची सासू गोवऱ्या थापत होती. तिनं मला बघितलं, मग काठी बघितली.

"कुठलं म्हनायचं?"

"पळसदेवचा."

ती उठली. हात तसेच शेणाचे.

"कुनी धाडलं?"

"राधाक्कानं. लई आजारी हाय. शेवंताला बोलावलंय."

शब्द तोंडातून गेले आणि मग मलाच ऐकू आले. माझ्या बापाचेच शब्द, एक इकडचा तिकडं नाही. पाय अंगणाबाहेर, हातात काठी.

म्हातारीनं शेणाचा हात कपाळावर मारून घेतला. "शेवंते, तुझी आय गेली गं."

घरातून शेवंता धावत आली. पिठाचे हात, तोंड पांढरं पडलेलं. मला ओळखलं आणि खालीच बसली.

"गेली न्हाय," मी म्हणालो. "जिती हाय. काल दुपारी माझ्यासंगं बोललीय."

"काल दुपारी," म्हातारी म्हणाली. "म्हंजी काल दुपारची गोष्ट हाय." तिनं शेजारणींकडं बघितलं. वस्तीवरच्या बाया जमायला लागल्या होत्या.

"आवो, मी खरं सांगतोय. श्वास हाय. तोंड बघायला बोलावलंय."

"व्हय बाबा. असंच सांगत्यात. तुझी रीत तू केलीस, आता आमी आमची करतो."

मी शेवंताकडं वळलो. "पोरी, तू तरी ऐक. मी कधी खोटं बोललोय?"

तिनं वर बघितलं. डोळ्यांत माया होती, तीच वाईट. "आबा, नका तरास करून घिऊ. मी त्याच गावची हाय. सांगावा कसा सांगत्यात मला ठावं हाय."

तिला न्हाणीकडं नेली आणि डोक्यावर पाणी ओतलं. आई तिकडं श्वास मोजते आहे आणि लेकीच्या अंगावर सुतकाचं पाणी पडतंय, हे मी डोळ्यांनी बघत उभा.

मी म्हातारीला म्हणालो, "निदान माघारी माझ्यासंगं धाडा तिला. टेम्पो हाय."

"कशाला घाई? उनाचं दिस, मढं कोन ठिवतंय? कालच उरकलं आसंल. तिचा मालक उसाची गाडी घिऊन कारखान्यावर नंबरात हाय, नंबर सोडून यायचा न्हाय. तिसऱ्याला जाऊ समदी, राख सावडायला." तिच्या बोलण्यात मानपानाचा कडवटपणा नव्हता. मेलेल्याशी कोण भांडतं? तो कडवटपणा असता तर मी भांडलो तरी असतो.

मग तिनं आत जाऊन भाकर आणली, वर लसणाची चटणी. माझ्या पुढ्यात, जमिनीवर, पळसाच्या पानावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकली.

"घे म्हातारबा. लांबनं आलास."

"मी बौद्ध हाय," मी म्हणालो. "आमी सांगावा न्हेत न्हाय. छप्पन सालापासनं."

"बौद्ध हाईस तर ऱ्हा की बाबा, आमची ना न्हाय. भाकर खा."

त्या भाकरीला मी हात लावला नाही. ती बाई मला हिणवत नव्हती. मी उपाशी जाऊ नये असंच तिला वाटत होतं. शिवी दिली असती तर मला उत्तर होतं.

सडकेवर हमीदला सगळं सांगितलं. त्यानं विडी विझवली.

"आबा, सोपं हाय. परत जावा. म्हना, चुकलो, गेलीच. पन मढं ठिवलंय, लेकीसाठी अडलंय. आत्ताच्या आत्ता बसंल ती टेम्पोत. मी हाय की."

"खोटं बोलू?"

"एकच. रस्त्यात तिला खरं सांगा. आई जिती दिसल्यावर कोन तुमच्या नावानं रडनार हाय?"

माझ्या मनात हे आलं नव्हतं असं नाही. पण मी म्हणालो, "उद्या तीच मानसं म्हनतील, म्हारानं जित्या मानसाचं मढं केलं. चाळीस वर्सं मी शब्द संबाळला, तो एवढ्यासाठी?"

"कुनासाठी संबाळला? हितं तर कुनी मानला न्हाय."

"त्यांनी मानला न्हाय म्हनून मी टाकायचा?"

"तुमचं शील मोठं का त्या बाईनं लेकीचं तोंड बघनं मोठं?"

"चल," मी म्हणालो.

तो उगाच वाद घालणारा नाही. त्यानं टेम्पो चालू केला.

परत

पळसदेवला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आधी घरी जायला पाहिजे होतं, पण मी सरळ राधाक्काकडं गेलो. मंदानं तिला टेकून बसवलं होतं. दाराकडं तोंड करून.

"आली का?"

"न्हाय."

"का?"

मंदानं मला डोळ्यानं खुणावलं. सांगा, वाटेत आहे, येतेय. मला कळली खूण. मी खाटेजवळ बसलो आणि झालं ते झालं तसं सांगितलं. म्हातारीचं शेण, न्हाणी, भाकर, तिसऱ्याला येणार ते.

राधाक्का हसायला लागली, आणि हसण्याचा खोकला झाला.

"म्हंजी मी मेले त्यांच्यात."

"व्हय."

"तिसऱ्याला येनार राख सावडायला."

"तसं म्हनाले."

"मग मला उरकाया पायजे गेनबा. न्हाईतर मानसं येतील आनि राख नसंल."

मंदा फाटकन म्हणाली, "आबा, येवढं तरी खोटं बोलायचं हुतं. काय गेलं आसतं तुमचं?"

"त्येला बोलू नगं," राधाक्का म्हणाली. "मीच सांगितलं हुतं, हाय तसं सांग म्हनून." तिनं दाराकडचं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी बसून राहिलो. पुन्हा ती माझ्याशी बोलली नाही.

आमच्याकडं कोणी गेलं की मीच गाथा म्हणतो, सगळे संस्कार अनित्य आहेत म्हणून. शेकडो मढ्यांपुढं म्हटली असेल. त्या दिवशी घरी येऊन म्हणायला गेलो. शब्द आले, त्यांच्या मागून काही आलं नाही. दुसऱ्याच्या दुःखावर ठेवायला ती गाथा बरी होती. विचार केला, दुःखाचं कारण तृष्णा म्हणतात. मेंढरामागं जन्म काढलेल्या बाईला मरताना लेकीचं तोंड बघायचं होतं, ही तृष्णा म्हणायची? आणि मला माझा शब्द डागाविना पाहिजे होता, ती कोण? विचारायला कोणी नव्हतं. भन्ते वर्षातून एकदा येतात, ते फोटोला हार घालून जातात.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत राधाक्का गेली. मंदा ओरडली ते माझ्या घरापर्यंत आलं. मी गेलो, बघितलं, आणि तिला म्हणालो, "दुपारपातूर मढं हलवू नका." अंगात कोपरी घातली, काठी घेतली. विहारावरून जाताना कोंडिबा दात घासत होता. त्यानं काठीकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि तांब्या उचलून बाजूला झाला. चाळीस वर्षांत आमच्या वस्तीतनं कोणी नेला नव्हता तो सांगावा घेऊन मी चाललो होतो. ठराव माझाच होता, मोडला तोही मीच.

भिगवणला हमीद पेट्या भरत होता. निम्म्या पेट्या तशाच ठेवून त्यानं गाडी काढली. ऊन तापायच्या आत त्या अंगणाच्या तोंडाशी उभा राहिलो. कालच्याच जागी. पळसाचं पान अजून तिथंच पडलेलं, भाकर कुत्र्यानं नेलेली.

शेवंता ओल्या केसांनी ओट्यावर बसली होती, राख सावडायला दुपारच्या गाडीनं निघायचं म्हणून गाठोडं बांधून. सासू बाहेर आली. "आता काय बाबा परत?"

मी अभद्र शब्द तोंडानं उच्चारला. "राधाक्का मेली. आज पहाटं. मढं ठिवलंय."

शेवंता उठली, पायऱ्या उतरून माझ्या समोर आली. इतक्या जवळ की तिच्या सासूनं "अगं" म्हटलं.

"आज पहाटं?"

"व्हय."

"म्हंजी काल मी हितं पानी घेतलं तवा आय जिती हुती."

"व्हय. संध्याकाळपातूर दाराकडं तोंड करून बसली हुती."

ती माझ्याकडं बघत राहिली. आता तिचा माझ्यावर पुरा विश्वास होता.

"आबा," ती म्हणाली, "एकदा मेली, मढं ठिवलंय म्हनायचं हुतं. मी काल चपला न घालता आले आसते."

मी टेम्पोचं दार उघडून धरलं. ती बसली. मी मागं गेलो आणि पेट्यांवर बसलो.